दुर्गाची निरगाठ

घोडपदेवच्या चाळीत दुर्गा परब शेजारून गेली की बायका पदर सावरून हातात धरत. दुर्गा सातवीत होती. कुणी स्वस्थ बसलेलं दिसलं की तिच्या बोटांना राहवत नसे. पुढच्या बाकावरच्या दोघींच्या वेण्या एकमेकींना बांधायच्या. रांगेत उभ्या मुलीच्या गुडघ्यामागे हळूच आपला गुडघा टेकवायचा, की ती मटकन खाली. एकदा तर तिने वर्गशिक्षिका कांताबाईंचा पदर खुर्चीला बांधला. बाई फळ्याकडे निघाल्या, मागून खुर्ची निघाली. निरगाठ अशी, की शेवटी सोडवायला दुर्गालाच बोलवावं लागलं. छड्या मिळाल्या त्या वेगळ्या.

आई गंगुबाई कपाळाला हात लावी. "गो दुर्गे, तुझे हात बांधून ठेवूक व्हये!"

"बांध की. मी सोडवीन," दुर्गा म्हणे.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता. दुर्गाचा मामा कुशाबा गिरणीतून सुटला की पत्रकं वाटत हिंडे. त्याच्यावर वॉरंट निघालं आणि एका दुपारी दोन हवालदार चाळीसमोरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर त्याची वाट बघत बसले. निळी वर्दी, पिवळी टोपी, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या. उकाडा मरणाचा. दोघांनाही डुलकी लागली.

शाळेतून येणाऱ्या दुर्गाला दोघांचा एकेक पाय दिसला, पट्टीला पट्टी अगदी खेटलेली. ती सरळ बाकड्याखाली शिरली.

जरा वेळाने कुशाबा कोपऱ्यावर उगवला. "अरे, तो बघ!" म्हणत हवालदार धडपडून उठले आणि एकमेकांच्या गळ्यात पडून आडवे झाले. उठले, परत आपटले. गॅलऱ्यांतून हशा फुटला आणि कुशाबा मागच्या बोळातून पसार झाला.

दुसऱ्या दिवशी त्यातला वयस्क हवालदार, गुणाजी, वर्गाच्या दारात उभा! हातात दोन पट्ट्या, गाठीसकट. दुर्गाने पुस्तकात डोकं खुपसलं.

"बाई, हे तुमच्याच एका पोरीचं काम, असं चहावाला म्हणतो," गुणाजी म्हणाला. "सरकारी माल, कापता येत नाही. आमच्या मंडळींनी दातांनीसुद्धा ओढून पाहिली."

कांताबाईंनी ती गाठ बघताक्षणी ओळखली. "सोडवून मिळेल. पण कुणी बांधली ते विचारायचं नाही."

"नाही विचारत, बाई. तक्रार लिहायची तर मला झोप लागली होती, तेही लिहावं लागेल!"

"मग जरा खिडकीबाहेर बघा," बाई म्हणाल्या, आणि स्वतः फळा पुसू लागल्या.

गुणाजीने पाठ फिरवली. दुर्गा चोरपावलांनी आली, गाठ सोडवली आणि जागेवर जाऊन बसली. गुणाजी वळला, ओणवा होऊन तिथेच पट्टी गुंडाळू लागला. त्याची रुंद पाठ थेट दुर्गाच्या बाकासमोर आली. दप्तरात मामाची पत्रकं होती. टाचणीही होती.

त्या दिवशी गुणाजी लालबाग, परळ करत नायगावच्या पोलीस लाइनीपर्यंत चालत गेला. वाटेत लोक हसून रामराम घालत होते, एका भाजीवालीने तर पेरूच हातात ठेवला. आज लोक आपल्यावर एवढे खूश का, ते त्याला कळेना. दारात बायकोने पाठीवरचं 'झालाच पाहिजे' वाचलं, पदर तोंडाला लावला आणि जेवण होईपर्यंत तसंच राहू दिलं.