शिट्टी होईपर्यंत जिन्यात

बिस्किटांच्या कारखान्यात त्यांचं काम एकच होतं, कुणाला काही होऊ न देणं. जिथे तिथे पाट्या लावायच्या, यंत्राजवळ सैल बाह्यांनी कोणी गेलं की ओरडायचं, आणि शिडीवर चढलेल्या माणसाची शिडी तो उतरेपर्यंत धरून ठेवायची. लोकांनी त्यांचं नाव सावधानराव ठेवलं होतं. इतक्या वर्षांत कारखान्यात कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नाही, याचं श्रेय ते स्वतःकडे घेत. बायकोचं म्हणणं, बिस्किटं मुळातच मऊ असतात.

कारखान्यात ते शहाणे होते असं म्हणायला हरकत नाही. घरी मात्र त्यांचा एक वैरी होता, कुकर. लहानपणी त्यांच्या आईने घाईघाईत, वाफ जिरायच्या आत कुकरचं झाकण ओढलं होतं. झाकण छताला लागलं आणि एक बटाटा भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोतल्या कपाळावर नेमका जाऊन बसला. वडील तेव्हा जिवंत होते, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. ते आत आले, फोटोकडे बघितलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सावधानरावांनी मग पाणीसुद्धा फुंकायला घेतलं.

त्यांच्या घरी कुकर लावणं म्हणजे घरदार हलवणं. आधी झाकणाची रबरी रिंग बोटांनी वाकवून चिरा पाहायच्या. मग झाकण खिडकीशी धरून शिट्टीच्या नळीतून एका डोळ्याने बघायचं. समोरच्या दुकानातला शिंपी दिसला की नळी मोकळी. शिंपीही बिचारा सवयीने हात वर करी. मग डाळ-वाटाणे असतील तर कुकर निम्माच भरायचा, पाणी आहे ना हे बोट बुडवून बघायचं, झाकण लावायचं. एवढं झालं की सगळ्यांनी जिन्यात जाऊन बसायचं आणि शेवटी निघणाऱ्याने गॅस पेटवायचा. शेवटी निघणारे अर्थात तेच. पेटता गॅस सोडून घराबाहेर जाऊ नये हा नियमही त्यांचाच होता, म्हणून दार उघडं ठेवलेलं असे. दार उघडं असलं की जिना घरात धरला जाई. शिट्टी झाली की डोळ्यांवर चष्मा आणि हातांत कारखान्याचे हातमोजे चढवून ते एकटे आत जात, गॅस बारीक करत, पुढे बंद करत आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत कुणाला उंबरठा ओलांडू देत नसत. त्यांची म्हातारी आई जिन्यात बसायला वेगळी उशी ठेवून होती. बायको दर वेळी कुरकुरत बाहेर येई, पण येई.

या सगळ्याची लाज वाटे ती मुलीला. आता तिने स्वतःच्या पसंतीने एक मुलगा ठरवला होता. चौकात त्याचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. त्याची आई आज पहिल्यांदाच जेवायला येणार होती, आणि बाई तोलूनमापून वागणाऱ्या आहेत, एका भेटीत माणूस जोखतात, असं मुलीच्या कानावर आलं होतं.

"बाबा, आज एक दिवस," ती म्हणाली. "कुणाला जिन्यात काढायचं नाही. स्वयंपाकघरात यायचं नाही. तोंडातून शब्द नाही."

"अगं पण वाटाणे आहेत. वाटाण्याला फेस येतो, नळी..."

"बाबा. त्या उठून गेल्या तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही."

ही पोरगी बोलणं टाकणाऱ्यांतली होती. आजोबांवर गेली होती. त्यांनी शब्द दिला.

पाहुणे आले. मुलाची आई उंच, ताठ, पर्स मांडीवर धरून बसणारी. मुलगा लाजरा, बोलता बोलता दाराच्या कडीकडे सारखा बघत होता, बहुतेक तिचा एक स्क्रू ढिला होता. सावधानराव तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. आतून झाकण बसल्याचा आवाज आला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि जागचे हलले नाहीत. खरंच, माणसाने याहून जास्त काय करावं?

आणि बायको पदराला हात पुसत बाहेर आली, कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि दार उघडून जिन्यात जाऊन बसली. तिच्यामागे आजी, उशी काखेत घेऊन. दोघींच्या डोक्यात काही नव्हतं, फक्त सवय होती. पाहुण्या बाईंनी क्षणभर पाहिलं. या घरी बाहेर बसायची पद्धत असेल असं समजून त्या पर्ससकट उठल्या आणि निघाल्या. मुलगा आईच्या मागे. मुलीने वडिलांकडे असं पाहिलं की त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मी काही बोललेलो नाही," ते म्हणाले.

सगळे पायऱ्यांवर बसले. आजीने पाहुण्यांना समजावलं. "शिट्टी होऊन वाफ जिरली की आत जायचं. बटाटा लागतो फार."

बाईंनी मान डोलावली. आजीने कुकरची जुनी गोष्ट सांगितल्यावर मात्र त्या मोकळ्या हसल्या. "आमच्याकडे नाही हो असली भीती. आमच्या कुकरला शिट्टीच्या बाजूने वाफ गळायची. तो छोटा व्हॉल्व्ह असतो ना झाकणावर, तो गेला होता. यानेच दुरुस्त केला."

मुलाची कळी खुलली. "व्हॉल्व्ह काढूनच टाकला. भोकाला आटे पाडले आणि जाड बोल्ट आवळून बसवला. आता थेंबभर वाफ बाहेर येत नाही."

सावधानरावांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. नळी तुंबली तर वाफेला जायला उरलेली एकच वाट, आणि या पोराने तिला कुलूप घातलं होतं. वर ते किती पक्कं आहे हे कौतुकाने सांगत होता. या घरात आपली मुलगी जाणार. त्यांनी ओठ दाबले. शब्द दिला होता. बोललो तर मुलगी जाईल, आणि न बोललो तर... पुढचं त्यांना डोळ्यांसमोर आणवेना. त्यांनी तोंड उघडलं.

"तो बोल्ट आज काढायचा," असा आवाज आला. आवाज त्यांचा नव्हता.

मुलगी उभी राहिली होती. पांढरीफटक पडली होती.

"अगं, पण गळत होतं," मुलगा म्हणाला.

"गळू दे. त्याचं कामच ते आहे. नवा व्हॉल्व्ह मिळतो, त्याच कुकरचा, तो आणायचा. तोवर तुमच्या घरी कुकर लागणार नाही. लागला तर मी त्या घरात पाय ठेवणार नाही." मग बाईंकडे वळून, थोड्या खालच्या आवाजात, "रागवा हवं तर. पण तुम्ही त्या कुकरसमोर उभ्या राहून भाजी चिरता."

बाईंची पर्स मांडीवरून घसरली. त्यांनी उचलली नाही. त्या कितीतरी वेळ मुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. पण तुमची शिट्टी का होत नाही अजून?"

खरंच होत नव्हती. वाटाण्याचा फेस, तुंबलेली नळी. चष्मा, हातमोजे चढवून सावधानराव वाकत, भिंतीला धरून आत गेले. कुकर ओट्यावर गप्प होता. त्यांनी दुरून हात नेला, मग जवळून, मग एक हातमोजा काढून झाकणावर तळवा टेकवला. कुकर गार होता. गॅस कोणी पेटवलाच नव्हता.

गुपचूप पेटवून बाहेर जाता आलं असतं. पण बाहेर आताच कुणीतरी खरं बोललं होतं, तिच्यापुढे खोटं घेऊन जायला त्यांना जमेना.

"गॅस लावायचा राहिला," दारात येऊन ते म्हणाले.

बाई हसू लागल्या. कठडा धरून, डोळे पुसत हसल्या. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बोल्ट लावून का होईना, आमचं शिजतं तरी."

सावधानराव वळून आत निघाले, तर मुलीने आडवा हात धरला. "तुम्ही बसा बाबा. मी बघते." आणि मुलाला म्हणाली, "तू चल. व्हॉल्व्ह कसा असतो ते दाखवते."

जिन्याच्या खिडकीतून समोरचं दुकान दिसत होतं. शिंप्याने मान वर केली, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हात वर केला आणि पुन्हा मशीनवर वाकला. जरा वेळाने शिट्टी झाली. बाई घरच्या सवयीने अर्धवट उठल्या.

"कुणी आत येऊ नका," आतून मुलीचा आवाज आला. "वाफ जिरलेली नाही अजून."

बाई मुकाट्याने पुन्हा खाली बसल्या, सावधानरावांच्या शेजारच्या पायरीवर. सावधानरावांनी दुसराही हातमोजा काढला, जोडी मांडीवर ठेवली आणि सगळ्यांबरोबर बसून राहिले.