दत्तादादाची पॉइंट टू-टू

रायफल रेंजवर गोळ्या मोजून मिळतात, किस्से मात्र हवे तेवढे. दर रविवारी आम्ही चटईखालच्या रिकाम्या पुंगळ्या झाडून काढतो, तरी पुढच्या रविवारी तेवढ्याच पडलेल्या असतात. किश्श्यांचं तसंच. चहाला बसलं की कुणीतरी सुरू करतो, आणि माझ्या भावाचं नाव येतंच. ज्यात दत्तादादा नाही असा एक तरी किस्सा सांगा, असं मी एकदा म्हणालो. सगळे विचार करत बसले आणि चहा गार झाला.

आमची रेंज गेवराईच्या बाहेर, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागे. समोर मातीचा उंच बांध, त्याच्या पुढे टार्गेटच्या चौकटी, अलीकडे चटया. पालथं झोपून पन्नास मीटरवर मारायचं. प्रत्येक गोळीला बोल्ट, म्हणजे नळीमागचा दांडा, मागे ओढायचा, गोळी घालायची, बोल्ट पुढे सारायचा, मग श्वास धरायचा. शिकवायला नाना आहेत, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. नाना म्हणतात, या खेळात बोट लागतं, डोळा लागतो आणि धीर लागतो. आमच्याकडे चौथी गोष्ट भरपूर आहे, ती म्हणजे दुसऱ्याच्या रायफलीकडे बघून जळणं. मी आठवीत शाळा सोडली आणि ट्रॅक्टरच्या गॅरेजवर लागलो. शिक्षण कमी, पण जळण्यात माझा नंबर कुणी घेतलेला नाही.

* * *

दादाला रायफल घ्यायची होती तेव्हा वर्षभर त्याचं ठरत नव्हतं. त्याच सुमारास तलवाड्याच्या विक्रमनं परदेशी रायफल आणली. विक्रम बागायतदाराचा एकुलता एक. त्याच्या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, निळ्या ॲल्युमिनियमचा, जिथं बघावं तिथं स्क्रू. मी म्हणालो, ही दवाखान्यातली वस्तू वाटते. म्हणालो खरं, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

दादानं मात्र अंबाजोगाईच्या एका म्हाताऱ्या मास्तरांची जुनी टू-टू, म्हणजे पॉइंट टू-टू मापाची रायफल, बघायला जायचं ठरवलं. लाकडी दस्ता, साधा बोल्ट. मी बरोबर होतो. दादानं त्यांच्या ओसरीत आपली चटई पसरली, पालथा झोपला आणि डोळे मिटले. रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला आणि मग डोळे उघडले. मान न हलवता मागच्या बारीक भोकातून पुढची नेमाची साइट मधोमध दिसली तर ती रायफल आपली, असं त्याचं म्हणणं. एकदा बघून थांबला नाही. डोळे मिट, उचल, उघड, खाली ठेव, पुन्हा डोळे मिट. अख्खी दुपार हेच. मास्तरांच्या बायकोनं चहा दिला, तो गार झाला. तिनं दुसरा केला, तोही झाला. शेवटी तिनं मला दाराशी बोलावलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या भावाला फिट येती का?"

दादा उठला आणि म्हणाला, "हीच."

मी विचारलं, विक्रमची तू हातात घेऊन बघितलीस की, तिला काय झालं होतं?

"ती चांगली हाय रं," दादा म्हणाला. "पण तिला मी लागत न्हाई."

कागद, परवानग्या, सह्या सगळं झाल्यावर आम्ही ती आणायला गेलो. मोटरसायकलवर मागं बसलो की मी दादाच्या कमरेला धरायचो, लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी मधे ती पेटी होती. घर येईपर्यंत मी तिलाच धरून बसलो.

* * *

दादाचे हात लांब. रायफलीचा दस्ता त्याला आखूड पडायचा, आणि त्याच्या खांद्याकडच्या टोकाला काहीतरी जाड जोडायला हवं होतं. विकत मिळतं, पण दादाला ते पसंत पडेना. कुणी ट्यूब आणून दिली, कुणी फोम. कशाचीच जाडी त्याला बरोबर वाटेना.

मी बाजारातून नवी रबरी चप्पल आणली होती. अजून पाय नीट बसला नव्हता तिच्यात. सकाळी उठून बघतो तर एकीची टाच गायब. दादा अंगणात बसून ती टाच काचकागदानं घासत होता, दस्त्याला लावून बघत होता, पुन्हा घासत होता. इतक्या मायेनं त्यानं माझ्या डोक्याला तेलसुद्धा कधी लावलं नसेल.

मी ओरडलो, एकच कापलीस, आता दुसरीचं मी काय करू?

दादानं वर न बघता सांगितलं, "ठेव की. ही झिजली की लागंल."

* * *

ट्रिगर किती हलका आहे ते बघायची आमच्या रेंजवर एक पद्धत आहे. गोळी नसलेली रायफल उभी धरायची, ट्रिगरला तारेनं रिकामी बाटली अडकवायची आणि तिच्यात हळूहळू पाणी ओतायचं. खट आवाज आला की थांबायचं. बाटलीत पाणी जितकं कमी, ट्रिगर तितका हलका. ज्याची बाटली जास्त रिकामी त्याचा रुबाब जास्त. काही जण तर बाटली घेऊन सगळ्यांना दाखवत फिरायचे.

दादाची बाटली मध्यम भरायची. विक्रमला तिच्यापेक्षा कमी पाहिजे होतं. त्यानं स्क्रू फिरवून फिरवून ट्रिगर इतका हलका केला की बाटलीचा तळ ओला व्हायच्या आत खट वाजायचं. आम्ही सगळे तोंडात बोट घालून बघत होतो. पुढच्या रविवारी त्यानं गोळी घातली आणि बोल्ट पुढे सारला. बोट ट्रिगरला लागायच्या आधीच गोळी सुटली. नळी समोरच होती म्हणून बरं. गोळी गेली ती शेजारच्या, म्हणजे दादाच्या, टार्गेटवरच्या नंबरच्या पाटीत.

नाना चालत आले. ते ओरडत नाहीत, तीच भीती. म्हणाले, "विक्रमशेठ, तुमची रायफल तुमच्या आधी उठते." मग त्याची रायफल कपाटात गेली आणि महिनाभर त्याच्या हातात रेंजवरचा धोक्याचा लाल झेंडा आला.

महिनाभर नाना त्याला दर रविवारी बाजूला घेऊन समजवायचे. त्यावरूनही मला विक्रमचा राग आला. मी इतकी वर्षं येत होतो, पण माझ्यावर बंदी घालावी असं कुणाला कधी वाटलं नाही.

* * *

टू-टूच्या रायफलीला सगळ्या गोळ्या चालत नाहीत, हे बाहेरच्यांना पटत नाही. एका जातीची गोळी एका नळीतून सरळ जाते, त्याच जातीची दुसऱ्या नळीतून कुठंही जाते. दादानं हाताशी येतील तेवढ्या जाती गोळा केल्या, प्रत्येकीचं वेगळं टार्गेट लावलं, आणि कुठली भोकं जवळ जवळ पडतात ते बघितलं. त्याच्या रायफलीला आवडली ती सगळ्यात साधी गोळी, नवशिक्यांना देतात ती.

विक्रमनं हे बघितलं. पुढच्या वेळी दुकानात त्या जातीचा जेवढा माल होता तेवढा त्यानं आपल्या लायसनच्या कोट्यात उचलला. त्याच्या निळ्या रायफलीनं त्या गोळ्या अशा उधळल्या की टार्गेट चाळणीसारखं झालं. दोन रविवार कुढत काढले आणि मग स्वतःच दादाकडं आला. तुझ्याकडच्या भारी गोळ्या मला दे आणि ह्या तू ठेव, आणि वर आपणच उपकार करतोय असा सूर.

"तुझ्या रायफलीचं नशीब लई भारी हाय बे, दत्ता," तो म्हणाला.

"नशीब न्हाई बे," दादा म्हणाला. "मी तिला इचारलं, काय खाती. तू तिला सांगतो, हे खा."

विक्रम हसला. पण जाताना त्यानं दादाच्या रायफलीकडं जे बघितलं, ते मला ओळखीचं वाटलं. मी पण तसंच बघायचो.

* * *

शीतलचे आईबाप ऊसतोडीला जातात. ती मावशीकडे राहते, पोलीस भरतीची तयारी करते आणि क्लबच्या रायफलीवर मारते. क्लबच्या रायफलीला इतके हात लागलेत की ती कुणाचीच राहिलेली नाही. शीतलचं स्वतःचं लायसन झालं, पण रायफल घ्यायची ऐपत नव्हती. दादा तिला आपली द्यायचा.

नुसती द्यायचा नाही. दस्त्यावर गाल टेकवायची जी लाकडी फळी असते, तिचा स्क्रू सैल करून तिच्या मापानं खाली करायचा. मागची टाच बदलायचा. पट्टा आवळायचा. ती झोपली की विचारायचा, मान ताठती का, खांदा दुखतो का. तिचं झालं की पुन्हा सगळं आपल्या मापावर आणायचा. जेवढा वेळ ती मारायची त्याच्यापेक्षा जास्त वेळ ह्याचा स्क्रू फिरवण्यात जायचा.

एकदा मी म्हणालो, माझ्या मापावर पण लाव की.

"तू एका जागी गाल टेकव आधी," दादा म्हणाला. "मग फळी हलवतो."

मी घरी जाऊन आईला सांगितलं की दादा त्या पोरीला रायफल देतो. आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "मग तुला काय पायजे? पोरगी का रायफल?"

मला दोन्ही नको होतं. काय पाहिजे होतं ते काही मला आईला सांगता आलं नाही.

* * *

दिवाळीनंतर दादा हायवेवर अपघातात गेला. कामावरून घरी येत होता. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

तेराव्याला विक्रम आला आणि भिंतीला टेकून बसला. बसल्या बसल्या रडायला लागला, अगदी लहान पोरासारखा. तोपर्यंत मी रडलो नव्हतो. लोक म्हणाले, बघा दोस्ती. मला वाटलं, उठून त्याच्या जागी बसावं.

निघताना त्यानं मला गोठ्याकडं नेलं आणि हळू आवाजात रायफल मागितली. मी त्याची कॉलर धरली. त्यानं सोडवून घेतली नाही.

"दुसऱ्याच्या हातात बघवणार न्हाई मला," तो म्हणाला. "म्हणून मागतोय बे."

मी कॉलर सोडली. माझंही नेमकं तेच दुखणं होतं.

* * *

माणूस गेला की त्याची रायफल अशीच कुणाच्याही घरात राहत नाही. कुणाच्या तरी लायसनवर ती चढवावी लागते, नाहीतर सरकारजमा. तोपर्यंत ती क्लबच्या लोखंडी कपाटात, किल्ली नानांकडे. कुणाला द्यायची त्यावर सही आईची. विक्रम मागत होता. मी लायसनचा अर्ज करतो म्हणून हटून बसलो होतो. शीतलनं मागितली नव्हती, पण नानांनी घरी येऊन तिचं नाव सांगितलं. मी पाण्याचा तांब्या आपटून बाहेर गेलो.

आई म्हणाली, तुम्ही सगळे तिच्यावर काय करता ते मला एकदा बघू द्या.

त्या रविवारी ती पहिल्यांदा रेंजवर आली. नानांनी तिला मागे खुर्ची दिली, आवाज लागू नये म्हणून कानाला लावायला दिलं आणि दादाची रायफल काढून चटईवर ठेवली.

पहिला विक्रम झोपला. त्यानं फळीचा स्क्रू सोडवायला हात घातला आणि मी धावलो. फळीला हात लावायचा नाही, ती दादानं लावलीय. नानांनी मला मागे ओढलं. विक्रमनं माझ्याकडं बघितलं, मग स्क्रूकडं बघितलं, आणि न मारताच उठला. म्हणाला, माझ्यानं व्हणार न्हाई, काकू. आणि पाणी प्यायला म्हणून जो गेला तो मागे जिनिंगच्या भिंतीपाशीच उभा राहिला.

मग मी झोपलो. फळी दादाच्या उंचीची. मान ताणून, हनुवटी वर करून मी मागच्या भोकात डोळा घातला. काही दिसलं नाही. नाना म्हणाले, फळी खाली घे. मी नाही म्हणालो आणि तसाच मारत राहिलो. माझ्या सगळ्या गोळ्या टार्गेट सोडून बांधाच्या मातीत गेल्या. माती उडताना आईलाही दिसत होती.

शेवटी शीतल. ती चटईवर बसली आणि तिनं फळीला हात लावला नाही. आईकडं वळून तिनं विचारलं, "काकू, हलवू का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "ह्याला इचार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानांकडून पाना घेतला आणि गुडघ्यावर बसलो. स्क्रू दादा गेल्यापासून फिरला नव्हता, त्याच्या घामानं गंजला होता, गॅरेजचा हात होता म्हणून सुटला. शीतल झोपली, तिनं गाल टेकवला आणि म्हणाली, अजून थोडी खाली. मी खाली घेतली. अजून थोडी. घेतली. मग तिनं मान हलवायची थांबवली.

नानांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. गोळी कुठं लागली ते मी सांगायचं.

तिनं बोल्ट सारला, श्वास धरला आणि मारली. मी दुर्बिणीतून बघितलं. अगदी मधोमध एक भोक.

"लागली का रं?" आईनं मागून विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "बाहेर गेली."

शीतल वळली नाही, गालसुद्धा उचलला नाही. बोल्ट मागे ओढला, पुंगळी टणकन उडाली, दुसरी गोळी घातली आणि मारली. मी बघितलं. भोक तेच होतं, फक्त कडेनं जरासं फाटलं होतं.

"ही?" आईनं विचारलं.

"ही बी बाहेर."

नाना माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी दुर्बीण मागितली नाही. चौकटीबाहेर माती उडाली नव्हती, ते त्यांना दिसलं होतं आणि मागून आईलाही. मी डोळा काढला नाही, कारण डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं आणि काचेत नुसतं पांढरं दिसत होतं. मागून आईच्या खुर्चीचा आवाज आला. ती उठून माझ्या पाठीशी आली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मग मारू दे तिला," आई म्हणाली. "आत जाईस्तोवर मारू दे."