वाफेविना एन्सिओ

उत्तरेकडच्या बर्फाळ कुह्मो गावात कमी बोलण्याबद्दल कुणाला नावं ठेवत नाहीत. पण त्या गावालाही एन्सिओ अबोल वाटायचा. सगळं आयुष्य त्याने खिळे-बिजागऱ्यांच्या दुकानात काढलं. गिऱ्हाईक तुटकी बिजागरी पुढे करायचं, एन्सिओ तशीच नवी काढून ठेवायचा, गिऱ्हाईक मान हलवून जायचं. दोघांनाही व्यवहार छान झाल्यासारखा वाटायचा.

याच एन्सिओला सौनात, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीत, बसवलं की मात्र तो बदलायचा. वरच्या फळीवर उघड्या अंगाने बसला, तापलेल्या दगडांवर पाणी पडून वाफ उठली आणि नाकाच्या शेंड्यावरून घामाचा पहिला थेंब गळला, की याच्या जिभेचं कुलूप निघालंच. सिर्काला लग्नाचं विचारलं तेही सौनातूनच. हा आत आणि ती बाहेर कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "आधी बाहेर ये, मग विचार." हा पंचा गुंडाळून बाहेर आला आणि नुसता उभा राहिला. ती वाट बघून बघून कंटाळली. शेवटी हा परत आत गेला, दार लावलं आणि आतून ओरडला, "करतेस का?" संसार चांगला झाला. सिर्का गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

राहिला ओइवा. एन्सिओच्या वरच्या मजल्यावर राहणारा, निवृत्त बसड्रायव्हर, दारात आडवा उभा राहिला तर उजेड अडेल असा. इमारतीच्या तळघरातल्या सौनात दर गुरुवारी या दोघांची पाळी असे. माणूस जन्माला का येतो, देव आहे का, कुत्र्याला आत्मा असतो का, असेल तर शेजारच्या त्या भुंकणाऱ्या कुत्र्याला का दिला, असे सगळे विषय तिथे निघत. त्यांची रीत ठरलेली होती. एकाने काही जड बोललं की दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं नाही. लाकडी डावाने दगडांवर पाणी टाकायचं. याचा अर्थ, ऐकलं, चालू दे.

"मेल्यावर काही असतं का रे?" एन्सिओने एकदा विचारलं.

ओइवाने पाणी टाकलं.

"असेल तर सिर्का आत्ता मला बघत असेल."

"असा? उघडा?"

"तिने याहून वाईट बघितलंय. माझ्या भावाच्या लग्नात."

"मग मेल्यावर काही नसलेलंच बरं," ओइवा म्हणाला, आणि दोघंही फळी हलेपर्यंत हसले.

तर अशा एका गुरुवारी ओइवा म्हणाला, "मार्यूत म्हणते, स्पेनला या. कायमचे. महिनाअखेरच्या रविवारी काय ते सांगायचंय."

मार्यूत ही ओइवाची मुलगी. तिकडे तिचं घर, तिचा नवरा, दारात लिंबाचं झाड.  'जाऊ नकोस' हे दोन शब्द एन्सिओच्या ओठांवर आले होते. पण रीत म्हणजे रीत. त्याने डाव भरून पाणी टाकलं. घाईत पाणी जास्त पडलं, अशी काही वाफ उठली की दोघंही कान धरून बाहेर पळाले. बाहेर आल्यावर एन्सिओचं तोंड मिटलं. पुढच्या गुरुवारी सांगू, असं त्याने ठरवलं.

आणि सोमवारी इस्पितळातून बोलावणं आलं. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याचं नाव कधीपासून लागलेलं होतं, तो नंबर नेमका आता आला. शस्त्रक्रिया झाली, टाके पडले. तरुण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "महिनाभर सौना बंद."

"अंघोळ?" एन्सिओने विचारलं.

"चालेल."

"वाफ?"

"वाफ नाही."

एन्सिओने बराच विचार केला. "पण काही बोलायचं असेल तर?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा त्याचे कागद चाळले. "बोलायला काही हरकत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांना काय कळणार!

घरी आल्यावर एन्सिओने आरशासमोर सराव केला. मग ओइवाला कॉफीला बोलावलं. कोपऱ्यावरच्या दुकानात दोघं समोरासमोर बसले, मध्ये वेलदोड्याचे बन.

"ओइवा," एन्सिओने घसा साफ केला.

"हं."

"बन चांगलाय."

"कालचा आहे."

"हं."

एवढ्यावर बैठक संपली. घरी जाऊन एन्सिओ स्वतःवर इतका चिडला की त्याने उरलेला बन चिमण्यांना घातला.

दुसरी युक्ती त्याची स्वतःची. वाफ नको तर नको, जागा तर तीच असू दे. तळघरातल्या बंद, गार सौनात दोघं कोट-टोप्या-हातमोज्यांसकट वरच्या फळीवर जाऊन बसले. फळी बर्फासारखी होती. तोंडातून वाफ निघत होती, पण ती काही उपयोगाची नव्हती. इतक्यात तळमजल्यावरच्या तूलिक्कीबाई फडकं घेऊन पुसायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"भट्टी बिघडलीय का?"

"नाही," ओइवा म्हणाला.

"मग इथे काय करताय?"

"बसलोय."

"बरं, बसा," म्हणत त्यांनी त्या दोघांच्या बुटांभोवतीची जमीन पुसून घेतली.

असा महिनाअखेरचा शनिवार उजाडला. रविवारला एकच रात्र उरली. आता ओइवालाच कळवळा आला असावा. त्याने दार ठोठावलं. "तुला काहीतरी बोलायचंय. आठवडाभर माशासारखं तोंड उघडतोस आणि मिटतोस. चल, गाडीत बस."

"गाडीत?"

"तुला ऊब पाहिजे ना? बाईंनी वाफ नाही म्हटलंय. गाडीबद्दल त्या काही बोलल्या का?"

एन्सिओने आठवून पाहिलं. गाडीचा विषय निघाला नव्हता खरा.

ओइवाने आपली जुनी लाल गाडी तळ्याकाठी नेऊन उभी केली. तळं गोठलेलं, बाहेर कडाक्याची थंडी. त्याने हीटर पूर्ण सोडला. थोड्या वेळाने कोट निघाले. मग स्वेटर, मग शर्ट, मग ओइवाने पँटही काढली, कारण अर्धवट कामं त्याला आवडत नसत. काचा धुक्याने भरल्या. लोकरीच्या लांब चड्ड्यांत दोन पोक्त माणसं समोर बघत बसली.

काचेवर टकटक झाली. ओइवाने काच बोटभर खाली घेतली. पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत फेरफटका मारायला निघालेल्या चर्चच्या पाद्रीबाई होत्या.

"सगळं ठीक आहे ना?"

"ठीक."

त्यांची नजर एकदा या चड्डीवर, एकदा त्या चड्डीवर गेली. "काय चाललंय?"

"मेल्यावरचं," एन्सिओ म्हणाला.

"अस्सं होय!" बाईंचा जीव भांड्यात पडला. "चालू द्या," म्हणून त्या निघून गेल्या.

काच वर गेली. आणि एन्सिओच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला.

ओइवानेच सुरुवात केली. "माणसाने शेवटी कुठे असावं रे? जिथे ऊब आहे तिथे, का जिथे ओळखीचे लोक आहेत तिथे?"

"तिथेही ओळखी होतील," एन्सिओ म्हणाला. त्याला हे बोलायचं नव्हतं, पण प्रश्नाला न्याय द्यायला हवा होता. "मुलगी आहे. लिंबं आहेत."

"लिंबाशी काय बोलू?"

"आणि जगण्याचा अर्थ काय म्हणशील, तर मला तो अजून सापडलेला नाही. दर गुरुवारी शोधतो. सापडत नाही. पण शोधायला बरं वाटतं, कारण बाजूला तू असतोस. तू गेलास तर मीच बोलायचं आणि त्यावर पाणीही मीच टाकायचं? मला नाही जमणार ते." त्याने श्वास घेतला. "जाऊ नकोस."

 ओइवाचे डोळे भरून आले होते, आणि अशा वेळी इतक्या वर्षांत त्याने जे केलं तेच त्याच्या हाताने आपोआप केलं. पायाशी पाण्याची मोठी बाटली होती. ती उचलून, झाकण काढून, त्याने ती गरम हवा सोडणाऱ्या जाळीवर सगळीच्या सगळी उपडी केली.

फट्ट आवाज झाला. धुळकट जळका वास आला. दिवे गेले, इंजिन आचके देऊन गप्प झालं.

दोघांनी वाकून त्या जाळीकडे पाहिलं.

"ऐकलं," ओइवा म्हणाला.

"ते कळलं."

"उद्या सकाळी ही गाडी बघायला एक माणूस येणार होता. विकत घ्यायला."

एन्सिओ गर्रकन वळला. "म्हणजे तुझं जायचं ठरलं होतं?"

"जायचं ठरलं नव्हतं. फक्त गाडी विकायचं ठरलं होतं."

"ते एकच की रे, गाढवा!"

"आता नाही ना विकता येत? मग ओरडतोस कशाला?"

थंडी आत शिरायला लागली तशी कपड्यांसाठी झोंबाझोंबी झाली. एन्सिओच्या अंगात ओइवाचा शर्ट गेला आणि त्याचे हात बाह्यांत दिसेनासे झाले. टाक्यांमुळे एन्सिओला गाडी ढकलता येईना. तो स्टिअरिंगपाशी बसला, ओइवा मागून ढकलू लागला. परतीच्या वाटेवर पाद्रीबाई पुन्हा भेटल्या. त्यांनी काही न विचारता पायाच्या पट्ट्या सोडल्या आणि मागून खांदा लावला.

रविवारी दुपारी ओइवाच्या स्वयंपाकघरात फोन वाजला. ओइवाने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बाबा, काय ठरलं?"

"मला यायला जमणार नाही गं. गाडी भिजलीय."

"बाबा, तुम्ही विमानाने येणार आहात."

ओइवाने एन्सिओकडे पाहिलं. एन्सिओने खिडकीकडे पाहिलं. "तरीही," ओइवा म्हणाला.

 मग मार्यूतने विचारलं, "एन्सिओकाका तिथे आहेत का? द्या त्यांना."

एन्सिओने फोन दोन्ही हातांनी उचलला. खोली गारच होती.

"काका, तुम्हाला वाटतं बाबांनी तिथेच राहावं? खरं सांगा. तुम्ही आहात ना त्यांच्याबरोबर? शेवटपर्यंत?"

एन्सिओचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कपाळावरची शीर फुगली. ओइवा खुर्चीत पुढे सरकला.

"हं," एन्सिओ म्हणाला.

मार्यूत त्याच इमारतीत वाढलेली होती. तो 'हं' तिला पुरला. मग नाक ओढत म्हणाली, "बरं. मग जूनमध्ये मीच येते. लिंबं आणते."

फोन बंद झाला. ओइवाने कॉफी ओतली, एक कप एन्सिओपुढे सरकवला आणि मान हलवत म्हणाला, "किती बोलतोस रे."