पोर पागल नई शे बरं!

आमच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. मुलं समुपदेशक मॅडमना जे सांगतात, ते त्यात कुलपाखाली राहतं. कपाटाचा खालचा कप्पा अजून रिकामा आहे. पण अख्ख्या व्हरांड्यासमोर जे घडतं, त्याला कुलूप कुठून लावणार? ते साठतच जातं. तेवढंच सांगतो. मुलांची नावं बदलली आहेत. कोंबडीला नाव नव्हतंच.

खोली सरकारी दवाखान्यात, अक्कलकुव्याच्या बाजूला. मी दुभाष्या. सातपुड्याच्या पाड्यांवरची मुलं पावरी बोलतात, मॅडम नाशिकच्या, मधे मी. माझ्यासारख्या लाजऱ्या माणसाला बोलण्याचा पगार मिळतो, हाच पहिला विनोद!

---

पहिल्या महिन्यात कोणी फिरकलंच नाही. 'मानसिक' ही पाटी वाचून लोक वळसा घालून जायचे. मॅडम आमच्या वॉर्डबॉयला, नानांना म्हणाल्या, "ही वेड्यांची खोली नाही, एवढं लोकांना समजावून सांगा."

नानांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून कोणतंही मूल खोलीत शिरलं, की नाना व्हरांड्यात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतात, "पोर पागल नई शे बरं!"

---

आमच्यात आणि इंजेक्शनच्या रांगेत फक्त एक पडदा आहे. एकदा नववीतला एक मुलगा आला. मॅडम म्हणाल्या, "इथलं कुठेही जात नाही. मोकळेपणाने बोल." तो हळूहळू बोलायला लागला. गणिताच्या तासाला हातपाय गार पडतात, रात्री झोप लागत नाही.

पडद्यापलीकडून आवाज आला, "मन्हा नातूनं बी असंच शे!"

मॅडम उठल्या. "आजी, हे बोलणं गुप्त आहे!"

"हां, हां, चालू द्या. आम्ही कोणलेच नई सांगत!"

'आम्ही' म्हणजे अख्खी रांग. मुलगा मात्र पहिल्यांदा हसला. नातवाचं काय झालं, हे त्याने पडद्यातूनच विचारून घेतलं.

---

रमिला दहावीतली, आश्रमशाळेच्या हॉस्टेलवर राहणारी. तिने बोलणं बंद केलं होतं. का, ते कपाटात आहे. दर बुधवारी अधीक्षिकाबाई तिला आणायच्या. ती खुर्चीवर बसायची, खिडकीबाहेर बघायची, तास संपला की उठायची. मॅडम दर वेळी म्हणायच्या, "काहीही बोल, रमिला. एक शब्द चालेल." असे चार महिने गेले.

तिचा बाप शांत माणूस. तो मला म्हणाला, "दिवाळीपर्यंत बोलली तर शाळा. नाहीतर आमच्याबरोबर गुजरातला ऊसतोडीला येईल. शाळेत बोलावं लागतं. ऊस न बोलता तोडता येतो."

मीही नववीतून ऊसतोडीलाच गेलो होतो.

---

मुलं यायला लागली त्या पहिल्याच आठवड्यात मॅडमनी एका मुलाला विचारलं, "तुला कधी एकटं वाटतं का?" मी ते पावरीत सांगायला तोंड उघडलं आणि मराठीत म्हणालो, "हो."

मॅडमना वाटलं, मुलाचंच उत्तर. "कधीपासून?"

"शाळा सुटल्यापासून."

"पण हा तर शाळेत जातो!"

पुढची वीस मिनिटं माझंच समुपदेशन झालं. मुलगा शेंगदाणे खात बसला होता. जाताना उरलेले त्याने मला दिले.

---

मॅडमनी आश्रमशाळेत ताण घालवायचा श्वासाचा व्यायाम शिकवला. पुढे तो रोज घ्यायची जबाबदारी पीटीच्या सरांवर आली. पंधरा दिवसांनी आम्ही बघायला गेलो.

"डोळे मीट! एक! श्वास घे! दोन! सोड! मागची रांग, ताण गेलेला दिसत नाही! मैदानाला तीन फेऱ्या!"

रमिला मागच्याच रांगेत होती. तिघी मैत्रिणींबरोबर, तोंड मिटून, ताण न गेल्याबद्दल पळत होती!

---

दिवाळीआधीचा शेवटचा बुधवार. रमिलाचा बाप काखेत कोंबडी घेऊन आला. आमच्याकडे माणूस आजारी पडला की बडव्याकडे, म्हणजे पाड्यावरच्या भगताकडे नेतात, तो बघतो, त्याला कोंबडी देतात.

"मॅडमला आजवर कोणी दिलीच नाही," बाप म्हणाला. "मग गुण कसा येणार?"

मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "सरकारी नोकरीत कोंबडी घेता येत नाही."

बापाने विचार केला. "मग कोंबडा चालेल का?"

तेवढ्यात कोंबडी सुटली. टेबलावर चढली, पंख्याखालचे कागद उडवले आणि उघड्या कपाटाच्या रिकाम्या कप्प्यात जाऊन बसली. मॅडम ओरडल्या, "फायली! फायली सांभाळा!" नाना झाडू घेऊन धावले. बाप एकीकडून, अधीक्षिकाबाई दुसरीकडून. पडदा सरकला, इंजेक्शनची रांग आत आली. आजी म्हणाल्या, "पाय धरा, पाय!" नाना म्हणाले, "कोंबडी पागल शे!"

आणि रमिला उठली. नानांच्या हातातला झाडू घेतला, कोपऱ्यात ठेवला, आणि पावरीत म्हणाली, "गप बसा सगळे. ती अंडं घालतेय."

बाप जमिनीवरच बसला.

"काय म्हणाली? काय म्हणाली?" मॅडम मला विचारत होत्या. काय करणार? मी तोंडावर बोट ठेवलं.

पंधरा मिनिटं एवढी माणसं श्वास धरून उभी होती. व्यायामाविना.

मग रमिलाने कप्प्यात हात घातला, अंडं काढलं आणि मॅडमसमोर ठेवलं. शाळेच्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "कोंबडी माझ्याबरोबर हॉस्टेलवर येईल. अंडं तुम्हाला."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी, पण सवयीने बोलल्याच, "अगं, सरकारी नोकरीत घेता येत नाही."

"मी कुठे देतेय?" रमिला म्हणाली. "तिने दिलंय."