वाचून दाखवला, समजला

नागपूरच्या कोर्टाबाहेर टिनाच्या शेडखाली मी वीस वर्षं नोटरीचा शिक्का मारते आहे. कॉम्प्युटरात साचा तयार असतो. नाव बदलायचं, प्रिंट काढायची: ‘स्वखुशीने, दबावाविना.’ खाली माझी ओळ: ‘मजकूर वाचून दाखवला, समजला.’ डोंबलाचा दाखवते! रांग केवढी असते.

दोन वर्षांपूर्वी उमरेडचा एक डंपर ड्रायव्हर एजंटासोबत आला. मजकूर एजंटानंच आणलेला. परदेशात ट्रक चालवायची नोकरी. “काय लिवलं हाये, मॅडम?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “नेहमीचंच आहे भाऊ, करा सही.”

परवा त्याची बायको एसटीनं आली. ट्रक निघाला फौजेचा. एका गावातली माणसं त्यात भरून नेली, ती परत आलीच नाहीत. आता तो शत्रूपक्षाच्या कैदेत, युद्धगुन्ह्याचा आरोपी. “मानेवर बंदूक ठेवून चालवाले लावला त्यायले,” ती म्हणाली.

तिनं त्याच्या तिथल्या वकिलाला फोन लावून दिला. दुभाष्यानं समजावलं: जिवाच्या धाकानं केलं असेल, तर तो सुटू शकतो. पण जो आपणहून फौजेत गेला, त्याला हा बचाव मिळतो का, यावरच वाद आहे. आणि सरकारी वकिलानं एक कागद दाखल केलाय. तिच्या मोबाइलवर तो मी पाहिला. ‘लष्करी सेवेसह पडेल ते काम स्वखुशीने करीन.’ खाली माझा शिक्का.

“हे त्याला वाचून दाखवलं होतं?” दुभाष्यानं विचारलं.

नाही म्हटलं तर माझी सनद जाते. “रजिस्टर पाहून सांगते,” मी म्हटलं. कसलं रजिस्टर! जीभ कशी झडली नाही माझी.

मग घाईघाईनं मी तिचं शपथपत्र टाइप केलं, नवऱ्याला फसवून नेल्याचं. सवयीनं पुढं सरकवलं. “इथं सही करा, बाई.”

तिनं पेन उचललं नाही. “पयले वाचून दाखवा, मॅडम. त्यायलेबी दाखवाले पायजे होतं.”

मी वाचलं. शेवटची ओळ माझीच होती: ‘मजकूर वाचून दाखवला, समजला.’ मग तिनं पेन उचलून सही केली.

मी नवीन पान उघडलं. नावाच्या जागी माझं नाव घातलं आणि लिहिलं, की त्या दिवशी मी काहीही वाचून दाखवलं नव्हतं.

आपल्या सहीवर आपला शिक्का चालत नाही. म्हणून कागद घेऊन शेजारच्या टेबलावर गेले. तिथल्या नोटरी वकिलानं वर न बघताच शिक्का उचलला. “कुठं मारू?”

मी ओरडलेच, “अहो, आधी वाचा ना!”