तांदूळ ‘संपले’ म्हणू नये

आज सकाळी दारात जोगवा मागणारी बाई आली. सून आतूनच म्हणाली, “तांदूळ संपलेत.”

सत्तर सालच्या सुमारास, कर्जतला, सात वर्षांची असताना मी वासुदेवाला हेच सांगितलं होतं. तो थबकला. “संपले म्हनू नाय गं, वाढले म्हनावं. वास्तू तथास्तु म्हनते.” आणि रिकाम्या झोळीने गेला.

बाबा तेव्हा भिवपुरीच्या पॉवरहाउसवर ड्युटीला होते. माझ्या बोलण्याने त्यांचंच काही बरंवाईट होईल या भीतीने संध्याकाळी त्यांची सायकल दिसेपर्यंत मी उंबऱ्यात बसून ‘वाढले, वाढले’ पुटपुटत होते.

आज त्या बाईला कोपऱ्यावर गाठलं आणि भातासाठी भिजवलेले ओले तांदूळच तिच्या परडीत घातले. सून हसते आहे.

मुलगा रसायनीला कामावर गेलाय. तीन फोन केले, उचलत नाही.

तुमच्याकडे ‘वाढले’च म्हणतात ना अजून?