मथळ्यातला एक शब्द

दोंडाईच्याहून शहाद्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या शेजारी एक मुलगी बसली. डोक्यावरून ओढणी, मांडीवर पिशवी. पिशवीतून फुटबॉलच्या बुटाचं टोक बाहेर आलं की ती ते घाईने आत दाबायची.

मी मोबाइलवर ऑनलाइन ज्ञानकोशासाठी आदल्या दिवशीच्या सामन्याचा लेख लिहीत होते. मथळ्यात दोन गावांची नावं आणि पुढे 'महिला फुटबॉल सामना'. पुरुषांच्या सामन्याला 'पुरुष' लिहीत नाहीत, बायकांच्या सामन्याला मात्र 'महिला' लिहायचंच, हा तिथला नियम मला नेहमी खुपायचा.

मथळा वाचून मुलीचा चेहराच उतरला.

"ताई, तो महिला शब्द काढी टाका ना," ती कुजबुजली. "घरमा शिवणना क्लास सांगेल शे. मन्हा भाऊ मोबाइलवर गावनं नाव टाकीसन सम्दं दखस."

"शब्द काढला तर काय होईल?"

"त्याले पोरेसना सामना वाटी." मुलांचा सामना समजून भाऊ पुढे वाचणार नाही, असं तिचं म्हणणं. कुणी ऐकत तर नाही ना म्हणून बोलताना ती सारखी मागच्या सीटकडे बघत होती.

मी तो शब्द काढला, मजकुरातूनही; खेळाडूंची नावं लेखात नव्हतीच. तिने स्वतः वाचून खात्री केली आणि ती सारंगखेड्याला उतरली.

काही दिवसांनी पान उघडलं, तर कुणा संपादकाने नियमाप्रमाणे 'महिला' पुन्हा घातला होता. मी काढला. संध्याकाळपर्यंत तो परत आला.

तिला सावध करायला माझ्याकडे तिचा नंबर नाही, नावसुद्धा नाही. आता सारंगखेड्याला बस थांबली की मी चढणाऱ्या प्रत्येक मुलीचा चेहरा बघते. ती अजून दिसलेली नाही.